आकडा बरोबर, प्रश्न शेजारचा

विचारलेलं थोडक्यात असं: एका वस्तूचा महिन्याचा उत्पादनखर्च ६०,००० + ८० × न + ०.०५ × न × न असा दिला आहे. न म्हणजे त्या महिन्यात बनवलेले नग. त्यावरून खर्च(५००) = १,१२,५०० आणि त्याचा अवकलज, म्हणजे ५०० नगांवर खर्च वाढण्याचा वेग, खर्च′(५००) = १३० इथपर्यंत गणित जमतं. पण ‘याचा अर्थ लिहा’ म्हटलं की हात थांबतो. एका नगाला २२५ रुपये पडतात की १३०? नफा(१००) ऋण आला तर काम बंद करायचं का? आणि व्याज, कर्ज, एनपीव्ही (पुढच्या रकमांचं आजच्या किमतीतलं निव्वळ मूल्य) यांकडे वळलं की फलनाची, म्हणजे एक आकडा घातला की दुसरा देणाऱ्या अशा सूत्राची, किंमत वाचायची पद्धत बदलते का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. मी वीसेक वर्षं आधी कॉस्टिंगमध्ये आणि मग कर्जमंजुरीच्या टेबलावर काढली. चुकलेली गणितं त्यात फार थोडी पाहिली. बरोबर आलेल्या गणितांचे भलतेच अर्थ लावलेले मात्र रोज पाहिले. प्रत्येक वेळी मामला एकच असायचा: आकडा एका प्रश्नाचं उत्तर असायचा आणि वाचणारा तो शेजारच्या प्रश्नाला चिकटवायचा.

यात खुणेचाही थोडा दोष आहे. एक अक्षर, पुढे कंस, कंसात चल ही खूण गणितज्ञ ऑयलरने १७३४ मध्ये वापरली आणि ती इतकी आटोपशीर निघाली की पुढे कोणी बदलली नाही. पण आटोपशीर म्हणजे त्यातून बरंच काही गळलेलं. एकक गळतं, कालावधी गळतो, अट गळते. म्हणून मी कामाच्या कागदावर एकेरी अक्षरं वापरायचं सोडून दिलं. खर्च(५००), बाकी(१२०), मागणी(४०) असं पूर्ण नाव लिहितो आणि त्याखाली एक वाक्य. तुमच्या उदाहरणाचं वाक्य असं होईल: ‘एका महिन्यात ५०० नग बनवले, तर त्या महिन्याचा एकूण खर्च १,१२,५०० रुपये येतो.’

हे वाक्य साधं वाटतं, पण त्यातला एकेक शब्द काढून बघा. ‘महिन्यात’ काढला तर कोणी वर्षाचे ५०० नग घालेल, आणि मग ६०,००० चा स्थिर खर्च बारा वेळा मोजायचा की एकदाच, हेच कळणार नाही. ‘एकूण’ काढला तर कोणी तो फक्त कच्च्या मालाचा खर्च समजेल. आणि ‘बनवले’ हा शब्द तर मला स्वतःला महागात पडलेला आहे. एका जागी नवीन असताना मी या जातीच्या सूत्रात विक्रीचा आकडा घालून महिन्याला किती रोकड लागेल ते काढत होतो. तुमच्याच सूत्रात बसवून सांगतो: बनवले ५००, विकले ४३०. मी खर्च(४३०) काढला, आला १,०३,६४५. प्रत्यक्षात देणी होती १,१२,५०० ची, कारण गोदामात पडलेल्या ७० नगांसाठीही माल आणला होता, मजुरी दिली होती. दर महिन्याला ८,८५५ ची तूट, आणि ती कुठून येते ते कळायला चार महिने गेले. सूत्र बरोबर होतं, गुणाकार-बेरीज बरोबर होती. कंसात भलतेच नग गेले होते.

आता २२५ की १३०. दोन्ही बरोबर आहेत, आणि दोघांचंही एकक ‘रुपये प्रति नग’ आहे. गोंधळाचं मूळ तिथेच आहे. एकक वेगळं असतं तर कोणी गफलत केली नसती.

खर्च(५००) ÷ ५०० = २२५ हा मागे वळून बघणारा आकडा आहे. झालेला सगळा खर्च, स्थिर भागासकट, ५०० नगांवर सारखा वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला इतके येतात. खर्च′(५००) = १३०, म्हणजे सीमांत खर्च, पुढे बघतो: ५०० वर असताना एक पाऊल पुढे टाकलं तर खर्च कोणत्या वेगाने वाढतो. प्रत्यक्ष वजाबाकी करून पाहा. खर्च(५०१) येतो १,१२,६३०.०५, म्हणजे पाचशेएकावा नग १३०.०५ ला पडला. अवकलजाने १३० सांगितलं होतं. पाच पैशांचा फरक आहे तो असा, की अवकलज ५०० या बिंदूवरचा वेग सांगतो आणि वजाबाकी ५०० ते ५०१ या पूर्ण पावलाचा हिशोब देते. परीक्षेत ‘सुमारे’ हा शब्द लिहिला की हा फरक सांभाळला जातो. तो शब्द न लिहिल्यामुळे गेलेले गुण मी पाहिले आहेत.

कोणता आकडा केव्हा वापरायचा, हे एका ऑर्डरवरून दाखवतो. समजा नेहमीची विक्री नगाला २३० ने होते. महिना ५०० वर चालला आहे आणि कोणी म्हणतं, आणखी २० नग द्या, पण दर १५०. सरासरी २२५ डोक्यात धरलेला माणूस हात झटकतो: नगामागे ७५ चा तोटा कोण करणार! पण खर्च(५२०) काढा: १,१५,१२०. त्यातून १,१२,५०० वजा केले की राहतात २,६२०. वीस नगांचे मिळणार ३,०००. म्हणजे ३८० रुपये हातात उरतात. ६०,००० तर ऑर्डर घेतली काय नि सोडली काय, जाणारच होते. त्यांचा हिस्सा या वीस नगांच्या डोक्यावर टाकणं म्हणजे खर्च वाटण्याच्या पद्धतीला खर्च समजणं. अर्थात नेहमीच्या गिऱ्हाइकाला १५० चा दर कळला आणि तोही तेच मागायला लागला, तर हे ३८० फार महाग पडतील. पण तो धोका खर्च-फलनात नाही. तो वेगळा मोजायचा.

उलट दिशेनेही तीच चूक होते. १३० हाच ‘खरा’ खर्च धरून कोणी कायमचा दर १५० ठेवला, तर ५०० नगांचे ७५,००० येतील आणि खर्च १,१२,५००. थोड्याशा जादा कामाला १३० चा आकडा चालतो, वर्षभराचा दर ठरवायला तो चालत नाही.

या दोन आकड्यांचं नातंही पाहण्यासारखं आहे. पुढचा नग सरासरीपेक्षा स्वस्त पडतोय तोवर प्रत्येक नव्या नगाबरोबर सरासरी खाली ओढली जाते. या सूत्रात साधारण १,०९५ नगांवर दोन्ही आकडे १८९.५४ ला भेटतात आणि तिथून पुढे सरासरी वर चढते. ५०० वर सरासरी २२५ आणि सीमांत १३० एवढंच पाहिलं तरी कळतं की आपण अजून त्या बिंदूच्या अलीकडे आहोत.

एक ताकीद. सीमांत खर्चाचं हे वाचन खर्च सलग वाढत असेल तरच खरं. पाचशेएकाव्या नगासाठी दुसरी पाळी लावावी लागणार असेल किंवा नवीन यंत्र घ्यावं लागणार असेल, तर तिथे खर्चाला पायरी आहे आणि अवकलज त्या पायरीबद्दल चकार शब्द काढत नाही. तिथे सरळ वजाबाकी करावी.

कंसाच्या आत आणि बाहेर काय आहे, हे शिकवताना मी हमखास तीन गोष्टी शेजारी लिहितो. खर्च(५०० + १००) म्हणजे ६०० नगांचा खर्च, १,२६,०००. खर्च(५००) + १०० म्हणजे ५०० नगांचा खर्च आणि वर शंभर रुपये, १,१२,६००. आतला शंभर नगांचा होता, बाहेरचा रुपयांचा. आणि २ × खर्च(५००) म्हणजे २,२५,०००, तर खर्च(१,०००) म्हणजे १,९०,०००. हा शेवटचा फरक लोकांना सूत्राची गंमत वाटतो, पण तो चक्क व्यवसायाचा निर्णय आहे. पहिला आकडा म्हणजे ५००-५०० नग बनवणारे दोन वेगळे कारखाने, दोघांचा स्थिर खर्च वेगळा. दुसरा म्हणजे एकाच कारखान्यात हजार नग. ३५,००० रुपयांचा फरक एकत्र करण्यातून वाचतो. तोही ६०,००० का नाही, तर एकाच छताखाली गर्दी वाढली की न × न चा भाग फुगतो आणि २५,००० परत खाऊन टाकतो.

व्यस्त फलन म्हणजे प्रश्न उलटा करणं. ‘१,००,००० रुपयांत किती नग बनतील?’ उत्तर ४००. इथे एकक पालटतं: आत रुपये जातात, बाहेर नग येतात. १ भागिले खर्च असं त्याचं वाचन करणारे पुष्कळ भेटतात. त्या भागाकाराला इथे काहीच अर्थ नाही.

आता नफा. २३० च्या दराने नफा(न) = १५० × न − ०.०५ × न × न − ६०,०००. नफा(५००) = २,५००. नफा(१००) = −४५,५००. ऋण आकडा दिसला की ‘बंद करा’ हे शब्द तोंडात येतात, म्हणून आधी नफा(०) काढायचा. तो आहे −६०,०००. शून्य नगांवर नफा शून्य नसतो, आणि हे वाक्य कागदावर लिहिल्याशिवाय पटत नाही. म्हणजे येत्या महिन्यापुरता पर्याय ४५,५०० चा तोटा की ६०,००० चा तोटा असा आहे, आणि शंभर नग बनवणं १४,५०० ने बरं. पण त्या ६०,००० मधलं भाडं, करार, पगार जिथे सोडवता येतात तिथवरचा काळ घेतला, तर सूत्रच बदलतं आणि नफा(०) शून्याकडे सरकतो. तेव्हा ‘बंद करायचं का’ याचं उत्तर फलनाच्या किमतीत नाही. ते ‘किती काळासाठी’ या शब्दात आहे.

ना नफा ना तोटा बिंदूचंही असंच. समीकरण सोडवलं की न = ४७५.३ आणि न = २,५२४.७ अशी दोन उत्तरं येतात. पावणेपाचशेच्या आसपास अपूर्णांक नग कोणी विकत नाही; नफा(४७५) = −३१.२५ आणि नफा(४७६) = ७१.२०, म्हणून बिंदू ४७६. दुसरं उत्तर वाचताना मात्र विचारावं, की हे सूत्र कुठल्या अनुभवावरून बसवलं? महिन्याला ३०० ते ८०० नग बनवण्याच्या नोंदींवरून बसवलं असेल, तर २,५२५ नगांवर तोटा होईल हे विधान सूत्राचं आहे, कारखान्याचं नाही. आणि त्याच न्यायाने सर्वाधिक नफा १,५०० नगांवर ५२,५०० होईल हेही. फलन कंसात काहीही घालू देतं. प्रांत, म्हणजे कंसात काय चालेल याची हद्द, कुठवर हे आपण ठरवायचं.

दर आणि मागणी यांत एकक आणखी नाजूक होतं. मागणी(४०) = १,२००, मागणी′(४०) = −१५. म्हणजे दर ४० रुपये असताना महिन्याला १,२०० नग खपतात, आणि दर एक रुपयाने वाढवला तर खप सुमारे १५ नगांनी घटेल. इथे −१५ चं एकक ‘नग प्रति रुपया’ आहे. हे १५ रुपये नव्हेत आणि १५ टक्केही नव्हेत. टक्क्यांत हवं असेल तर −१५ × ४० ÷ १,२०० = −०.५, म्हणजे दर १ टक्का वाढला की खप साधारण अर्धा टक्का घटतो. लवचीकता म्हणतात ती हीच. तिला एकक नसतं, म्हणून दोन वेगळ्या वस्तूंची तुलना तिच्यावर करता येते. अर्थशास्त्राच्या आलेखात, आल्फ्रेड मार्शलपासून पडलेल्या प्रथेने, दर उभ्या अक्षावर असतो. तेव्हा आलेखावरून चढ मोजाल तर तो ‘रुपये प्रति नग’ येईल, म्हणजे १ भागिले आपला आकडा. गणित शिकून अर्थशास्त्रात आलेल्याला पहिल्या आठवड्यात ठेच लागते ती इथे.

पैशाच्या बाजूला आलं की कंसात बहुधा काळ किंवा व्याजदर असतो. काळासाठी एकच सवय पुरते: क्षण आणि अवधी वेगळे ठेवा. एक लाख रुपये दरसाल ८ टक्के चक्रवाढीने ठेवले, तर जमा(५) = १,४६,९३३. हा पाचवं वर्ष संपतानाच्या क्षणाचा शिल्लक आकडा. ‘पाचव्या वर्षी किती मिळाले’ याचं उत्तर ते नाही; ते जमा(५) − जमा(४), म्हणजे १०,८८४. आणि दहा वर्षांचं व्याज पाच वर्षांच्या दुप्पट नसतं: जमा(१०) = २,१५,८९२, म्हणजे व्याज १,१५,८९२, तर दुप्पट करून ९३,८६६ च होतात.

व्याज वर्षातून किती वेळा जोडतात हाही वाक्याचाच भाग आहे. दरमहा जोडलं तर पाच वर्षांनी १,४८,९८५ होतात. क्षणोक्षणी जोडत गेलो तर रक्कम अमर्याद वाढेल, असं कुणालाही वाटतं. गणितज्ञ याकोब बर्नुलीने १६८३ मध्ये हाच प्रश्न हाताळला आणि तिला मर्यादा आहे हे दिसलं. आपल्या उदाहरणात ती मर्यादा १,४९,१८२, दरमहापेक्षा दोनशे रुपयांनीही जास्त नाही. कंसात दर घालताना ८ की ०.०८ हे एकदा तपासा. आणि दर ८ वरून ९ टक्के झाला तर तो एक टक्का-बिंदूने वाढला, पण साडेबारा टक्क्यांनी वाढला, ही दोन्ही विधानं खरी आहेत. विकणारा आपल्या सोयीचं सांगतो.

कर्जाच्या टेबलावर मला सर्वांत जास्त वेळा समजावून सांगावं लागलेलं फलन म्हणजे बाकी. दहा लाखांचं कर्ज, दरसाल ९ टक्के, २४० महिने. हप्ता येतो ८,९९७ रुपये. निम्मे हप्ते भरून झाल्यावर लोक विचारतात, आता पाच लाख राहिले ना? बाकी(१२०) असते सुमारे ७,१०,२६०. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. काही जण बँकेने फसवलं म्हणून उठून जातात. मग मी पहिला हप्ता उघडून दाखवतो. दहा लाखांवर एका महिन्याचं व्याज ७,५००. ८,९९७ मधून ते गेलं की मुद्दलाकडे जातात फक्त १,४९७. बाकी(१) = ९,९८,५०३. दुसऱ्या महिन्याचं व्याज या घटलेल्या बाकीवर, म्हणून अकरा रुपयांनी कमी, आणि तेवढेच अकरा रुपये मुद्दलाकडे जास्त. हा अकरा रुपयांचा कल हळूहळू जोर धरतो. निम्मं मुद्दल केव्हा फिटतं हा प्रश्न व्यस्त फलनाचा आहे, आणि त्याचं उत्तर १६८ वा महिना, म्हणजे वीसपैकी चौदा वर्षं. बाकी(१२०) मध्ये १२० हे वेळेचं अर्धं आहे, पैशाचं नाही. कर्ज मधेच फेडायचा विचार असेल तर मुदतीच्या सुरुवातीला भरलेली जादा रक्कम जास्त काम का करते, तेही याच आकड्यांत दिसतं.

एक्सेलमध्ये हाच हप्ता पीएमटी फंक्शनने काढला तर उत्तर ऋण येतं. घाबरायचं कारण नाही. कर्जाची रक्कम धन लिहिली, म्हणजे पैसे तुमच्याकडे आले. हप्ता ऋण, म्हणजे तुमच्याकडून गेले. चिन्ह इथे दिशा सांगतं, तोटा नाही.

एनपीव्हीच्या बाबतीत एक्सेलची खोड जास्त घातक आहे. आज एक लाख गुंतवायचे, पुढची तीन वर्षं दर वर्षाअखेर ५०,००० मिळायचे, दर १० टक्के. एनपीव्ही(१० टक्के) = २४,३४३. पण चारही रकमा एक्सेलच्या एनपीव्ही फंक्शनमध्ये टाकल्या तर उत्तर येतं २२,१३०. कारण ते फंक्शन यादीतली पहिली रक्कम आज नव्हे, एका वर्षानंतरची धरतं. आजची रक्कम बाहेर ठेवून, उरलेल्या तिघींचा एनपीव्ही काढून मग ती मिळवायची असते. गंमत अशी की २२,१३० हाही एका प्रश्नाचा बरोबर आकडा आहे, फक्त त्या प्रश्नात प्रकल्प वर्षभर उशिरा सुरू होतो.

आणि एनपीव्ही(१० टक्के) शून्य आला तर? ‘काही मिळालं नाही’ असं नव्हे. गुंतवणुकीने बरोबर १० टक्के मिळवून दिले, ना कमी ना जास्त. ज्या दराला एनपीव्ही शून्य होतो तो दर म्हणजे आयआरआर, पण ‘तो दर’ हे एकवचन गृहीत धरू नका. आज १,००० घालायचे, वर्षाने २,५०० यायचे, आणि दोन वर्षांनी १,५४० परत खर्चायचे, जसं खाण संपल्यावर जमीन पूर्ववत करावी लागते. एनपीव्ही १० टक्क्यांनाही शून्य होतो आणि ४० टक्क्यांनाही. कुठला आयआरआर खरा हा प्रश्नच चुकीचा ठरतो. एनपीव्हीचा अख्खा वक्र पाहावा लागतो. ५ टक्क्यांना तो ऋण आहे, २५ टक्क्यांना धन. एका मर्यादेपर्यंत पैसा जितका महाग तितका प्रकल्प चांगला, असा विचित्र अर्थ इथे खरंच निघतो, कारण शेवटची मोठी देणी लांब आहेत आणि जास्त दर त्यांना लहान करतो.

सर्वांत महागडं वाचन जोखमीच्या फलनाचं. ‘एका दिवसाचा व्हॅल्यू ॲट रिस्क (व्हीएआर), ९५ टक्के पातळीवर, १० लाख.’ सभेत हे वाक्य वाचलं की टेबलाभोवतीचे निम्मे लोक ते ‘जास्तीत जास्त १० लाख बुडतील’ असं ऐकतात. ते म्हणतं जवळजवळ उलट: शंभरपैकी पाच दिवशी तोटा १० लाखांहून अधिक असेल. किती अधिक, यावर हे फलन मुळीच बोलत नाही.

जेपी मॉर्गन चेस बँकेत २०१२ मध्ये ‘लंडन व्हेल’ म्हणून गाजलेलं प्रकरण झालं, ६ अब्ज डॉलरहून जास्त तोट्याचं. बँकेने जानेवारी २०१३ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात नव्या व्हीएआर प्रतिमानाच्या एका स्प्रेडशीटची हकिकत आहे. जुना आणि नवा दर यांच्यातल्या फरकाला त्यांच्या सरासरीने भागायचं होतं. सूत्र भागत होतं बेरजेने. बेरीज सरासरीच्या दुप्पट, म्हणून चढउतार निम्मे दिसायला लागले आणि जोखमीचा आकडाही खाली आला. हा तोटा ज्या विभागात झाला त्याचा पहिल्या तिमाहीसाठीचा सरासरी व्हीएआर आधी ६.७ कोटी डॉलर म्हणून जाहीर झाला होता. मे २०१२ मध्ये बँकेने जुन्या पद्धतीने मोजून तो १२.९ कोटी असा दुरुस्त केला. उतरलेला आकडा पाहून कुणी ‘हा नक्की कशाचा भागाकार आहे’ असं विचारायला थांबलं नव्हतं. जोखमीच्या मर्यादेला टेकलेल्या माणसांना तो हवाच होता.